हिरव्या रक्ताचा कैदी

आठवीत शाळा सुटली, तेव्हापासून मी घराबाहेरच आहे. गाव समुद्राकाठचं, काम मात्र इकडे सेनगावच्या बाजूला, फवारणीच्या ड्रोनवर मदतनीस म्हणून. टाकीत औषध भरायचं, ड्रोन सांभाळायचा. ही गोष्ट घडली त्या साली एक अफवा उठली होती. चोर आधी ड्रोन उडवून घरं हेरतात, असं गावोगाव बोललं जायचं.

एक दिवस ड्रोन चालवणारे दादा बॅटऱ्या चार्ज करायला सेनगावला गेले. मी ड्रोन शेजारी ठेवून फाट्यावरच्या हॉटेलात बसलो. हॉटेल म्हणजे पत्र्याखाली चहाची भट्टी, दोन बाकडी आणि टीव्ही. परग्रहाची एक मालिका हिंदीत लागली होती. हिरव्या रक्ताच्या एका जिवाला सैनिकांनी खांबाला बांधलेलं, आणि मारत मारत विचारत होते, तुझे साथीदार कुठे उतरलेत?

तेवढ्यात चहाला आलेल्या गावकऱ्यांपैकी एकाने ड्रोनकडे बोट दाखवून मला विचारलं, हे काय हाय. मी खरं तेच सांगितलं, ड्रोन. माझी परकी बोली ऐकून संशय पक्का झाला. पहिली चपराक कानावर बसली. मग काठी, मग लाथा.

"किती जन हायेत तुमी? कुठं थांबले बाकीचे?"

मी नुसता फवारणी, फवारणी म्हणत राहिलो. भुवई फुटली, दात हलला, तोंड रक्ताने भरलं. एकाने दगड उचलला तेव्हा वाटलं, मी कुठे मेलो हे आईला कळणारसुद्धा नाही.

हॉटेलवाल्या मावशी उकळत्या चहाचं पातेलं घेऊन मधे आल्या.

"सरका मागं. न्हाईतर तोंडावर वतीन एकेकाच्या."

सरकले. मावशींनी मला भट्टीमागे बसवलं, भुवईवर हळद दाबली आणि दादांना फोन लावायला लावला. ते येईपर्यंत माझ्यावर पहारा म्हणून ती माणसं बाकड्यावर बसली, टीव्हीकडे बघत. तिथे एका सैनिकाने कैद्याचे दोर कापले.

काठीवाला हळूच म्हणाला, "सोडलं, बरं झालं. लई मारलं बिचाऱ्याला."

मावशींनी वळून पाहिलं. "त्याचं रगत हिरवं हाय म्हनून दिसून राहिलं का तुला?"

त्याने काठी बाकड्याखाली सरकवली. दादा आले ते ज्यांच्या शेतात फवारायचं होतं त्यांनाच घेऊन, तेव्हा कुठे मला सोडलं.

अजूनही त्याच फाट्यावरून जावं लागतं. मी उतरतो, मावशींच्या पाया पडतो, चहा घेतो. पण भट्टीमागेच बसून. बाकड्यावर बसायचा धीर होत नाही.