पंच्याला पाजलेलं औषध

"वर बघा, राव सार. छतावर पाल आहे."

मी पाल शोधत असे, तोवर थेंब डोळ्यात पडलेला असे. कुंभकोणमच्या डोळ्यांच्या दवाखान्यातल्या सिस्टरची, आम्हा सगळ्यांच्या अक्कांची, ही रीत. भित्र्यांना पाल, म्हाताऱ्यांना कोळ्याचं जाळं. दोन्ही कधीच नसत.

माझ्या पापण्यांच्या कडा तीन वर्षं सुजलेल्या होत्या. सकाळी डोळे चिकटलेले, केसांच्या मुळाशी खपल्या. आजार पसरणारा नव्हता, पण गिऱ्हाइकाला हे कोण सांगणार? मी तिरुभुवनमला रेशमी साड्यांच्या दुकानात चटईवर बसून साड्या उलगडून दाखवतो. माझे लाल डोळे दिसले की डोळ्यांची साथ आली समजून नवरीची आई नवरीसकट उठायची. शेवटी मालकांनी मला आतल्या खोलीत घड्या घालायला बसवलं.

"पोंगलला तै महिना लागला की लग्नं सुरू होतील. तोवर डोळे सुधारले तर चटई तुमची. नाहीतर दुसरा माणूस बघतो."

डॉक्टरांनी अँटिबायोटिक थेंब दिले. पंधरा दिवसांनी मी होतो तसाच लाल.

"रोज घालता?" अक्कांनी विचारलं.

"रोज. आधी थेंब, मग शेक."

"कशाचा शेक?"

"कॉफी गार करायची पितळी वाटी असते ना, तिचा. चांगली तापते."

"आणि कॉफी?"

"पितो की."

"मग?"

"मग पंच्यानं कडा पुसतो."

"म्हणजे औषध रोज पंच्याला पाजता. पंच्याचे डोळे कसे आहेत आता?"

तुम्ही दवाखान्यातल्या बाकावर असतात तर तुम्हीही हसला असतात. ज्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या, तेसुद्धा हसले.

दुसऱ्या दिवसापासून, कामावर जाण्याआधी दवाखान्यात हजेरी लावायची, असा हुकूम सुटला. गरम ओल्या फडक्याचा शेक, मग कापसानं कडा साफ, आणि थेंब सगळ्यात शेवटी. चौथ्या दिवशी लाली उतरली. मी उरलेली बाटली पुढच्या वर्षासाठी जपून ठेवायचं ठरवलं आणि हे शहाणपण अक्कांना अभिमानानं सांगितलं.

"चोळपुरमची माझी म्हैस बरी," त्या म्हणाल्या. "औषध अर्ध्यावर सोडून पळत नाही."

दुपारचे, रात्रीचे थेंब त्यांनी माझ्या बायकोवर सोपवले. सकाळचे मात्र स्वतः घालत. त्यासाठी त्या चोळपुरमहून पहिल्या बसनं, दवाखाना उघडायच्या अर्धा तास आधी येत, हे मला वॉचमननं सांगितलं. त्या कधीच बोलल्या नाहीत.

तै लागला त्या दिवशी मालकांनी मला दाराशी उजेडात नेलं, साडीची जर तपासावी तसे दोन्ही डोळे तपासले आणि म्हणाले, "बसा."

संध्याकाळी मी अक्कांना सांगायला धावलो. अक्का नव्हत्या. लेकीकडे कोइमतूरला गेल्या, आता तिथेच राहणार, असं नव्या सिस्टरनं सांगितलं आणि माझा कागद काढला. खाली अक्कांच्या अक्षरात लिहिलं होतं: 'राव सारांच्या सांगण्यावर विश्वास ठेवू नये. करून दाखवायला लावावं.'

मी सगळ्यांसमोर करून दाखवलं. तिला दोन चुका सापडल्या.

अक्कांना पाच सापडल्या असत्या.