केवडा आणि नाडकर्णीबाई

नाडकर्णीबाई संतापल्या की आधी चष्मा काढायच्या. “समोरच्या मूर्खाचा चेहरा नीट दिसला की दया येते, आणि मला दया करायची नाहीये,” असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सुप्याजवळच्या आमच्या छोट्या कोरडवाहू संशोधन केंद्रावर मी मातीचं काम बघायचो, बाई बाजरीचं. वर्षभर त्यांचा चष्मा नाकावर कमी आणि हातातच जास्त असे.

त्यांनी पारनेर, कर्जत, पाथर्डीकडच्या गावांतून बाजरीचे जुने वाण गोळा केले होते. साहेबांना, म्हणजे आमच्या केंद्रप्रमुखांना, तो कचरा वाटे. तेव्हा सगळीकडे संकरित बाजरीचा बोलबाला होता. बाई म्हणायच्या, “पीक वाढवा, माझं काही म्हणणं नाही. पण सगळा तालुका एकाच बियाण्यावर उभा करू नका. एका बुरशीला किल्ली सापडली की सगळी कुलपं उघडतील.”

कुणी ऐकेना, तेव्हा त्यांनी एका दिवाळी अंकात विज्ञानकथा लिहिली. पुढच्या शतकात जगभर एकच धान्य पेरलं जातं, एक बुरशी ते खाऊन टाकते, आणि उरलेले शास्त्रज्ञ पडक्या घरांच्या भिंती फोडून जुन्या गिलाव्यात अडकलेले दाणे शोधत हिंडतात. संपादकांनी शेवट गोड करा म्हणून कळवलं. बाई कडाडल्या, “उपासमारीचा शेवट गोड? गूळ कुठून आणू?” साहेबांनी ती कथा बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवली. सगळे खो खो हसले.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. जुनं बी फार दिवस ठेवलं तर मरतं, म्हणून बाईंनी त्या वर्षी जवळचं सगळं बी पेरून ताजं करायला घेतलं होतं. तेवढ्यात संकरित बाजरी बघायला सरकारी पाहुणे येणार म्हणून साहेबांनी हुकूम काढला: विहिरीचं पाणी संकरित बाजरीच्या पट्ट्याला द्यायचं, बाईंचा पट्टा नांगरून तिथे मांडव घालायचा.

मांडव! खायला दाणा नव्हता, माणसं खडी फोडायला जात होती, आणि आम्हाला मांडव घालायचा होता.

बाई ट्रॅक्टरसमोर उभ्या राहिल्या. चालक गंगाराम हात जोडून म्हणाला, “बाई, बाजूला व्हा. सायबाचा हुकूम हाय. माजी नोकरी जाईल, घरी पोरं हायेत.”

“त्याच पोरांचं अन्न आहे हे, गंगाराम!”

“व्हय, मला समजतंय. पन तुमी सायबाला सांगा.”

बाई साहेबांच्या खोलीकडे धावल्या. मीही मागोमाग गेलो. साहेब खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. “बाई, तुम्ही कथाच लिहा. छान लिहिता.” त्यांच्याशी भांडून आम्ही परतलो तेव्हा अर्धा पट्टा उलथला होता. गंगारामनं बाईंचा चेहरा पाहिला आणि आपण होऊन इंजिन बंद केलं. पुढे त्यानं ते सुरू केलंच नाही; मांडव नांगरलेल्या अर्ध्यावरच पडला. उरलेली रोपं बाईंनी स्वतः बादल्या वाहून जगवली.

कणसं धरायच्या वेळी संकरित पट्ट्यात केवडा शिरला, बाजरीचा बुरशीचा रोग. दाण्यांच्या जागी नुसती हिरवी पानं फुटली, जटा वाढवलेल्या गोसाव्यासारखी. आसपास विहिरींच्या पाण्यावर जगलेल्या शिवारांतही तेच; बाईंच्या उरलेल्या रोपांची कणसं मात्र भरली. तेव्हा कुणी हसलं नाही.

पुढच्या पेरणीआधी शेतकरी बाईंच्या दाराशी आले. बाई प्रत्येकाला ओंजळभर बी द्यायच्या. “पीक आलं की शेजाऱ्याला ओंजळभर दे, नाहीतर घेऊ नकोस.” एकानं विचारलं, “बाई, ह्याला खत न्हाई घातलं तर चालंल का?”

“तुझ्या आज्यानं काय घातलं होतं रे?”

तो पहिल्यांदा हसला. “घाम.”

त्याच उन्हाळ्यात बाईंची बदली कोकणातल्या भाताच्या केंद्रावर झाली. जिथे बाजरी उगवतही नाही, तिथे. साहेबांनी शिपायाहाती शाल-नारळ पाठवला. बाईंनी नारळ शिपायालाच दिला आणि शाल परत केली. “त्यांना म्हणावं, मांडवावर घाला.”

त्या तिकडेच गेल्या, काही वर्षांनी, तापानं. उरलेल्या वाणांपैकी काही अजून पारनेरच्या माळावर उभे आहेत, आणि लोक मला म्हणतात, बघा, बाईंचं काम वाया गेलं नाही. मला हे ऐकवत नाही. अर्धं गेलं. त्या नांगरलेल्या अर्ध्यात कोणती बाजरी होती, कोणत्या रोगाला, कोणत्या दुष्काळाला ती पुरून उरली असती, हे आता जगातल्या कुठल्याही शास्त्रज्ञाला सांगता येणार नाही. आणि मांडवात पाहुणे पाच मिनिटंही बसले नव्हते.