निळीचे दोन थेंब

मी न् माह्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे धोतर वाळू घालणं. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. तेव्हाही मी ओरडलोच, "पौर्णिमेले हे पिवळं धोतर नेसून विहारात जाऊ काय?" ती म्हणाली, "बरं बापा, पुढच्या खेपेले निळीचे आणखी दोन थेंब टाकते." पुढची खेप आलीच नाही. तिसऱ्या दिवशी छातीत कळ आली न् ती गेली. माणसानं बायकोशी शेवटचं भांडावं, तेही धोतरावरून!

बुद्धाजवळ काही मागायचं नसते. कमी शिकलो, तरी एवढं मला कळते. तरी मागितलं. म्हटलं, ती रागातच गेली काय, तेवढं समजू दे. मूर्ती काय बोलणार? चिडून मी विहारात जाणंच सोडलं.

ती असताना दवाखान्याचं नाव काढलं की मी अंगावर जायचो. आता सून हट्टाला पेटली, न् मोतीबिंदू काढायला गोंदियाला घेऊन गेली. सकाळी पट्टी निघाली. बाजूच्या खाटेवर सडक अर्जुनीकडचा एक म्हातारा होता, ओळख ना पाळख. म्हणाला, "भाऊ, निळं धोतर काऊन नेसला?"

"तुयेच डोये गेले काय?" मी खेकसलो. मग खाली पाहिलं. तिनं शेवटचं धुतलेलं तेच धोतर, न् ते निळंच होतं, चांगलं आभाळासारखं.

नर्सबाई म्हणाली, डोळ्यातलं भिंग वयानं पिवळं पडते, मग गढूळ होते. पांढरंही पिवळं दिसते. हळूहळू होते, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही.

सुनेवर भडकलो, "तुले दिसत होतं, तं सांगितलं काऊन नाही?"

ती रडायलाच लागली. "आईनं साऱ्या विहाराले बजावलं होतं, बाबा. निळीशिवाय त्यायले धोतर पांढरं वाटत नाही, तं राहू द्या निळं, म्हणे. कोणी हसलं तं माह्याशी गाठ आहे."

रागावलेली बाई एवढी नीळ घालते काय? मी चमत्कार म्हणत नाही. पण मागितलेलं उत्तर माझ्याच अंगावर होतं, न् ते दाखवायला परका माणूस यावा लागला. त्याचं भलं होवो. नावही विचारलं नाही, एवढा मी गाढव.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. सुनेनं नवं पांढरं धोतर काढून ठेवलं. मी तेच निळं नेसलो, काळा चष्मा लावला न् विहारात सगळ्यांच्या पुढे जाऊन बसलो.