नोराला न ऐकवलेलं गाणं

मेव्हचा मेसेज आला तेव्हा मी युनीच्या, म्हणजे मी नोकरी करते त्या युनिव्हर्सिटीच्या, एका रिकाम्या लेक्चर हॉलमध्ये माइक तपासत उभी होते. ‘आई आज सकाळी गेली. शांतपणे. तिचं गाणं तुझ्याकडे आहे ना?’ पहिल्या दोन वाक्यांसाठी मनाची तयारी होती, आदल्याच रविवारी नोराला हॉस्पिटलमध्ये भेटून आले होते. तिसऱ्या वाक्यासाठी मात्र मी तयार नव्हते. गाणं माझ्याकडे होतं. पाच महिने होतं. नोराने ते ऐकलं नव्हतं, आणि त्याला कारण मी होते.

नोरा आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका खेड्यातली. तरुणपणी नर्स म्हणून ऑस्ट्रेलियात आली आणि वॉलॉंगॉंगचीच होऊन गेली. शहात्तर वर्षांच्या बाईला ‘ती’ म्हटलेलं कुणाला खटकेल, पण ‘त्या’ म्हटलं की नोरा मला परकी वाटते. पहिल्यांदा ती मला भेटली लायब्ररीतल्या एका दुपारच्या गाण्यांच्या कार्यक्रमात. मी तेव्हा स्टुडंट होते, घराच्या आठवणीने कासावीस, आणि तिथे चहा-बिस्किटं फुकट होती. साथीला काही नाही, तालाचं बंधन नाही, डोळे मिटून नोरा आयरिशमध्ये गायला लागली. एक शब्द कळत नव्हता. पण तिने एका स्वरावरून अशी काही नाजूक हरकत घेतली, की माझ्या तोंडून खणखणीत ‘वाह!’ निघून गेलं. पुण्यात बाबांबरोबर मैफिलींना बसून लागलेली सवय, दुसरं काय! सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

गाणं संपल्यावर ती थेट माझ्यापाशी आली. “मघाशी बोललीस ती तूच ना?” मी शाळेतल्यासारखा हात वर केला. “इथे सगळे मला चर्चमध्ये बसल्यासारखे ऐकतात गं. आमच्या गावी गाणाऱ्याला असं एकटं सोडत नाहीत. लोक मध्येच शाबासकी देतात, कुणीतरी हात धरून बसतं.” पुढच्या गाण्याला तिने खरोखरच मला शेजारी बसवून माझा हात धरला आणि सुरांबरोबर तो सावकाश गोल गोल फिरवत राहिली.

लॅपटॉपवर सिंथचे, म्हणजे सिंथेसायझरचे, सूर जुळवणं हा माझा जुना नाद. नोराच्या टिपून घेतलेल्या आवाजाखाली तानपुऱ्यासारखा अखंड सूर, त्यात जवळच्या पोर्ट केंब्ला बंदराच्या बाजूने रेकॉर्ड करून आणलेली कारखान्याची घरघर, वर हलकी बीट... भीतभीतच तिला ऐकवलं. जुन्या गाण्यांत ही कसली भेसळ, म्हणून तिच्या गाण्याच्या मंडळातल्या काहींनी नाकं मुरडली. नोरा मात्र खुलली. भांडणं झाली ती फक्त ठेक्यावरून. मी तिच्या कानात ठेका धरणारी टिक-टिक लावून दिली, तर चार ओळींत तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. “हा गृहस्थ मला एवढ्या घाईने कुठे घेऊन चाललाय?” मग मीच शहाणी झाले. आधी ती गाणार आणि माझे सूर तिच्यामागून चालणार, असं ठरलं. सात-आठ वर्षं आम्ही तसंच केलं. इतकं समाधान मला दुसऱ्या कशात क्वचितच मिळालं असेल.

एक गाणं मात्र आम्ही कधी रेकॉर्ड केलं नव्हतं. ते तिच्या आईचं, किनाऱ्यावर वाट बघणाऱ्या बाईचं. त्यातली एक लांबलचक ओळ नोरा एका दमात म्हणायची, आणि ती संपेपर्यंत ऐकणाऱ्याचाच जीव गुदमरायचा. मेव्ह, तिची एकुलती एक मुलगी, लहानपणी आयरिशला हटकून इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची, माझी मुलगी ईरा आज मराठीला देते तसंच. आई गायला लागली की मेव्ह घराबाहेर पळायची, त्यामुळे हे गाणं तिने कधी धड ऐकलंच नव्हतं. पन्नाशी जवळ आल्यावर आणि आईची फुप्फुसं थकल्यावर तिला ते गाणं शिकावंसं वाटलं. “आईच्या आवाजात एकदा घेऊन ठेव,” ती मला म्हणाली. मी नोराच्या स्वयंपाकघरात माइक लावला. नोरा गायली... दोनदा खोकली, आणि त्या लांब ओळीत तीन ठिकाणी थांबून तिने श्वास घेतला. प्रत्येक श्वासाची शिट्टीसारखी घरघर माइकमध्ये येत होती.

“लाव बघू, ऐकू दे,” ती म्हणाली.

“थोडं साफ करते, मग ऐकवते.”

ते ‘थोडं’ संपेना. मी खोकला काढला, श्वास काढले, ओळीचे तुकडे बेमालूम जोडले, वर सिंथची मऊ चादर पांघरली. नोरा फोनवर विचारायची, “झालं का गं?” मी म्हणायची, “नेक्स्ट वीक, नक्की.” ती म्हणायची, “नो वरीज.” समीर, माझा नवरा, एकदा वैतागून म्हणाला, “अगं, आहे तसं दे ना तिला! किती घासत बसशील?” मी त्याच्यावरच खेकसले. तिला स्वतःचा मोडका दम ऐकून वाईट वाटेल, असं मी सांगत होते. खरं म्हणजे तो दम मलाच ऐकवत नव्हता. मला पूर्वीची नोरा परत हवी होती. त्या नादात खरी नोरा वाट बघत राहिली आणि गेली. याबद्दल मी स्वतःला माफ करू शकलेले नाही.

अंत्यविधीनंतर तीन आठवड्यांनी मी मेव्हला तिच्या आईच्या स्वयंपाकघरात साफ केलेलं गाणं ऐकवलं. तिने ते शेवटपर्यंत ऐकलं. “फार सुंदर झालंय,” ती म्हणाली, “पण ही आई नाही.” मग मी मूळ रेकॉर्डिंग लावलं. पहिल्याच खोकल्याला मेव्हने टेबलावर डोकं टेकलं आणि ती लहान मुलीसारखी रडली. शेवटची दोन वर्षं आईच्या उशाशी बसून तिने तोच श्वास मोजला होता.

आता दर शनिवारी आर्व्होला, म्हणजे दुपारी, मेव्ह त्याच स्वयंपाकघरात गाणं शिकते आणि मी रेकॉर्डिंग मागे-पुढे करून देते. तिचा आवाज जाडसर आहे, पण सूर पक्का. ती लांब ओळ आली की ती बरोबर तीन ठिकाणी थांबते, आईसारखा श्वास घेते आणि पुढे जाते. रोज सकाळी समुद्रात पोहणारी बाई ती, दमाला काहीच तोटा नाही. नोरा ही ओळ एका दमात म्हणायची, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.