लुचईचे दोन दाणे

पार्वताबाईचं माहेर नदीपलीकडे, मध्य प्रदेशात. सासर अलीकडे महाराष्ट्रात, बपेऱ्याजवळच्या टोलीवर, म्हणजे लहानशा वस्तीवर. लग्नाला चाळीस वर्षं झाली.

त्या वर्षी टोलीवर एकच विषय: आपण पलीकडच्या राज्यात जावं का? दवाखाना, बाजार, कॉलेज, सारं तिकडे जवळ. सरकारनं विचारलं नव्हतं. टोलीनंच मत घ्यायचं ठरवलं. पार्वताबाईचा मुलगा भैय्यालाल महाराष्ट्राच्या बाजूचा पुढारी. त्यानं आधीच ठरावात लिहून ठेवलं, 'एकमताने'.

"माय, तू कुठं टाकशीन?"

"तू म्हणशीन तिथं," ती भाजी चिरत म्हणाली.

शाळेच्या खोलीत दोन मडकी ठेवली. आंब्याचं पान बांधलेलं महाराष्ट्राचं, पळसाचं पान बांधलेलं पलीकडचं. ज्यानं त्यानं घरून धानाचा एक दाणा आणायचा, एकट्यानं आत जाऊन टाकायचा. मत गुप्त.

दुपारी सगळ्यांसमोर मडकी पालथी केली. आंब्याच्या मडक्यातून एकाहत्तर दाणे. पळसाच्या मडक्यातून तीन.

मोजणारा कवडू वाकला. "एक तं जाड धान, कोणाचाबी असन. हे दोन मात्र लुचईचे आहेत."

सगळ्यांच्या माना पार्वताबाईकडे वळल्या. लुचई धानाचा तो बारीक दाणा सगळे ओळखत. टोलीवर ती एकाच घरी पेरत, अन् तिचं बी पार्वताबाईनं माहेरून आणलेलं. दाण्यावरून घर ओळखू येईल, हे जन्मभर धान हाताळणाऱ्या माणसांना आधी सुचलंच नव्हतं.

"चाळीस वर्षं इकडचं खाल्लं, जीव तिकडंच," मागून सुलोचनाबाई पुटपुटली.

भैय्यालालचे कान लाल झाले. "माय, चुकून पडला ना? सांगून दे."

हो म्हटलं की सुटली असती. पार्वताबाईनं पदर सावरला. ती उठली.

"चुकून काहून पडन? भाऊ तिकडं, लेकरं इकडं. दोघांचं एक राज्य व्हावं वाटते मले. एक दाणा माझा आहे."

"आन् दुसरा?" कवडूनं विचारलं.

बायांमधून तिची सून तृप्ती उभी राहिली. तिचं माहेर तर आसगावचं, महाराष्ट्रातलंच.

"माझा. मले पुढं शिकाचं आहे. तिकडचं कॉलेज पुलावरून अर्धा तास. इकडच्याले दोन बसा बदला."

भैय्यालाल ठरावाचा कागद हातानं झाकू लागला.

"पुढारी, पहिले घरातून निवडून या," कोणी म्हणालं, अन् खोलीत हशा पिकला.

"तिसरा, जाड दाणा कोणाचा मंग?" कवडूनं विचारलं.

सुलोचनाबाई एकदम चपला शोधू लागली.

पार्वताबाईनं ठरावातल्या 'एकमताने'वर बोट ठेवलं. "तो शब्द खोड, भैय्या."

त्यानं खोडला. वर लिहिलं, 'एकाहत्तर विरुद्ध तीन'.

"आता आमचे दाणे दे इकडं," ती म्हणाली. "बियाण्यात टाकतो दोन्ही."