ओट्याच्या खिडकीतला समुद्र

पारोळ्याच्या बाजारपेठेत प्रकाशचंद शेठचं किराणा दुकान आहे. शेठ स्वभावानं साधे, पण नियमाला असे पक्के की विचारू नका. सूर्य मावळला की पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही. याला जैनांत चोविहार म्हणतात. जमिनीखाली पिकतं ते खायचं नाही, बाहेरचं तोंडात घालायचं नाही, पाणी प्यायचं ते उकळलेलंच. गावात याचं भारी कौतुक. साधूमहाराज मुक्कामाला आले की शेठची नाव घेऊन चौकशी करतात. आणि हे सगळे नियम जिच्या जिवावर चालतात, तिची चौकशी कोणी करत नाही. म्हटलं, आपण तरी करू. तिचं नाव कुसुमलता. माहेर बोदवडचं, सासर हे पारोळ्याचं, वय साठीला टेकलेलं, आणि हाताला चव अशी की तिचे खाखरे पार सुरतेपर्यंत जातात.

होळी झाली, ऊन तापायला लागलं, आणि एका दुपारी पुण्याहून मुलाचा, मननचा व्हिडिओ कॉल आला. शेठ जेवून पलंगावर टेकले होते. कुसुमलता आत भांडी आवरत होती.

“पप्पा, यंदा तुमच्या लग्नाला चाळीस वर्षं होतात. जूनमध्ये आपण चौघं स्पेनला जातोय. दक्षिणेचा किनारा. समुद्र, पांढरी घरं, लख्ख ऊन. पासपोर्ट तयारच आहेत. नाही म्हणायचं नाही.”

शेठ ताडकन उठून बसले. “अरे वेडा की काय तू? चौमासा लागेल, त्यात प्रवास नसतो.”

“त्याच्या आत परत येतो.”

“माझा चोविहार?”

“तिथं जूनमध्ये सूर्य रात्री साडेनऊनंतर मावळतो, पप्पा. उलट सोपं.”

शेठनी बोटांवर तास मोजले. साडेनऊला सूर्य ही गोष्ट त्यांना फारच आवडली, असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. मग त्यांनी शेवटचं अस्त्र काढलं. “आणि खायचं काय? तिथले लोक कशात काय घालतात, देव जाणे.”

मनन हसला. “हॉटेल घेतलंच नाही. घर घेतोय, किचनवालं. मम्मी आहे ना बरोबर!”

“मग काय प्रश्नच नाही,” शेठ म्हणाले. फोनवर जिनल, म्हणजे मननची बायको, तीही हसली. सगळ्यांचा आनंद मावेना. आत नळाखाली कढई धरून उभ्या असलेल्या कुसुमलतेनं हे ऐकलं, आणि खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी तिच्याही डोक्यात आलं ते हेच, की मेथीचे खाखरे किती न्यायचे आणि मुगाची डाळ बॅगेत चालेल की नाही. चाळीस वर्षांची सवय, ती काय एका दुपारीत जाते?

कुसुमलतेचा प्रवास म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. तशी ती फिरलेली बाई. पालिताणा झालं, शिखरजी झालं, आबू झालं, केसरियाजी झालं. बायका म्हणतात, कुसुमलतेनं काय काय पाहिलं! पण तिला जरा खोदून विचारलंत तर ती त्या त्या गावच्या धर्मशाळेतल्या नळाला पाणी किती वाजता येतं ते सांगेल. शिखरजीला लाकडं ओली होती. आबूला स्टोव्ह भडकला. केसरियाजीला पीठ जाडं मिळालं, पोळ्या फाटल्या. हे तिचं प्रवासवर्णन.

नवी सून म्हणून आली त्या वर्षी सगळं भावकीचं कुटुंब बस करून पालिताण्याला गेलं होतं. येताना गुजरातच्या किनाऱ्यावर एका धर्मशाळेत मुक्काम पडला. बोदवडच्या पोरीनं समुद्र कुठला पाहिलेला! ती हरखून गेली होती. चहा झाल्यावर सगळे समुद्रावर निघाले. सासूबाई म्हणाल्या, “तू थांब, पुऱ्या लाटून ठेव. दिवस असेपर्यंत सगळ्यांची पानं उरकायला हवीत.” ती थांबली. सगळे भिजून, वाळू घेऊन आले, घाईघाईनं जेवले. मग हिनं भांडी घासली. हात पुसून बाहेर आली तेव्हा काळोख झाला होता. समुद्राचा आवाज तेवढा आला. पहाटे बस निघाली.

सगळ्यांनी सूर्यास्ताच्या आत जेवायचं, म्हणजे करणारीनं सूर्यास्त कुठं बघायचा? तिची सांज कायम तव्यासमोर. आबूला तर सूर्यास्त बघण्यासाठी म्हणून खास जागा आहे म्हणे. सगळं घर तिथं जाऊन आलं, मागं डबे धुवायला हीच. कोणी हिच्यावर अन्याय केला असं नाही हं. सगळे चांगले लोक. “कुसुमलता बरोबर असली की चिंता नाही,” असं तोंडभरून म्हणायचे. तिलाही ते गोड लागायचं. त्या गोडव्यातच ती अडकली.

दुसऱ्या दिवशी सुंदरबाई पापड वाळत घालायला मदतीला आली. सुंदरबाई मागच्या गल्लीतली, शेतकऱ्याच्या घरची, दोघींचं जुनं गूळपीठ. स्पेनचं ऐकून ती कमरेवर हात ठेवून उभीच राहिली.

“भाभी, ऊन लेवाले इतलं दूर कसाले जातस? आठे बठ्ठं फुकट शे ना!”

कुसुमलता हसून हसून खाली बसली. पारोळ्यातून उन्हासाठी परदेशी जायचं, हा विचारच असा की कोणालाही हसू यावं. मग हसता हसता ती म्हणून गेली, “उन्हासाठी नाही गं सुंदरबाई. मला समुद्र बघायचाय.” आणि स्वतःच दचकली. मला अमुक हवंय, असं वाक्य तिच्या तोंडून कधी निघालं होतं, ते तिलाही आठवेना.

त्यानंतर ती बदललीच. गच्चीवर पापड उलटताना तिला निळं पाणी दिसायला लागलं. शेठ दुकानात गेले की ती फोन उघडून त्या किनाऱ्याचे व्हिडिओ बघायची. लोक नुसते बसलेले असायचे. कोणी काही करत नव्हतं! पाण्याकडं तोंड करून बायका तासन्‌तास बसायच्या आणि त्यांना हाक मारायला कोणी येत नव्हतं. कुसुमलता ते बघून थक्क व्हायची, आणि तिला त्या बायकांचा जाम हेवा वाटायचा.

आठवड्यानं जिनलनं घराचे फोटो पाठवले. फोटो कसले, सगळे स्वयंपाकघराचेच. शेगडी, फ्रिज, कपाटं, पातेली. खाली जिनलचा आवाज रेकॉर्ड केलेला. “मम्मी, चार बर्नर आहेत! आणि हा शेवटचा फोटो बघा ना, ओट्यासमोरच खिडकी आहे. पोळ्या करता करता समोर समुद्र! आणि सूर्य उशिरा मावळतो, म्हणजे घाई नाही. आरामात नऊपर्यंत स्वयंपाक करा.”

पोरीनं किती जीव लावून शोधलं होतं ते घर! त्यात तिचा काय दोष? पण कुसुमलतेनं तो फोटो बघितला. ओटा, ओट्यावर खिडकी, खिडकीत हातभर समुद्र. एवढ्या लांब जाऊनही तिच्या वाट्याला येणार ते खिडकीतलंच.

तिनं मननला फोन लावला आणि एका दमात सांगून टाकलं. “तुम्ही जाऊन या. मी येत नाही.”

झालं! घरात हलकल्लोळ माजला. मननला वाटलं, विमानाला घाबरली. जिनलला वाटलं, गुडघे दुखतात. शेठला वाटलं, खर्चाला भिते. जो तो आपापल्या परीनं समजूत घालू लागला. मनन म्हणाला, “मम्मी, तू नसशील तर पप्पांचं तिथं कसं होणार? मग सगळंच रद्द करावं लागेल.” म्हणजे पाहा, सहल तिच्यासाठी, आणि ती नसली तर अडणार काय, तर जेवण. हे बोलताना त्याच्या लक्षातही आलं नाही. चांगला मुलगा आहे हो, पण पोटानं विचार करणारा.

“तिकिटांचं शनिवारपर्यंत सांगावं लागेल,” एवढं म्हणून त्यानं फोन ठेवला.

शुक्रवारी दुपारी शेठ जेवायला बसले. कुसुमलता वाढत होती. त्यांनी न बघताच विचारलं, “झालंय तरी काय तुला?”

ती पळी हातात घेऊन उभी राहिली. “सांगू? मी चाळीस वर्षं तुमच्याबरोबर फिरले आणि काहीसुद्धा पाहिलं नाही. तुम्ही समुद्र बघून आलात तेव्हा मी पुऱ्या लाटत होते. तुम्ही डोंगर चढून आलात तेव्हा मी भांडी घासत होते. आता विमानानं नेऊन पुन्हा ओट्यासमोरच उभं करणार असाल, तर माझा इथला ओटा काय वाईट आहे? निदान डबे कुठं ठेवलेत ते तरी मला माहीत आहे.”

शेठच्या हातातला घास हातातच राहिला. त्यांना राग आला नाही. त्यांना आठवायचा प्रयत्न करावा लागला, की त्या समुद्रावर ही नव्हती? त्यांच्या आठवणीत तर ती होती. ओल्या वाळूत, घोळक्यात, कुठंतरी. ती नव्हतीच, हे त्यांना आज कळलं, आणि कळलं तसे ते उठून दुकानात गेले.

संध्याकाळी जिनलचा फोन आला. शेठनीच तिला सांगितलं असावं. “मम्मी, तिथं मी करीन सगळं. तुम्ही फक्त बसा.” आवाज गोड, आज्ञाधारक. कुसुमलतेला तो आवाज ओळखीचा वाटला. धर्मशाळेत ‘हो, लाटते पुऱ्या’ म्हणणारी नवी सून अशीच बोलली होती.

“तू मुळीच नाही,” ती म्हणाली. “तू वर्षभर ऑफिसात राबतेस. मी उठून तुला तिथं उभी करायची? म्हणजे अजून चाळीस वर्षांनी तूही ‘मी येत नाही’ म्हणून असाच फोन करशील.”

शनिवारी सकाळी शेठ पूजा करून आले. दुकान उघडायची वेळ झाली तरी घरातच घुटमळत होते. शेवटी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि घसा खाकरून म्हणाले, “मी ठरवलंय. तिथं मी रोज एकासणं करीन. दिवसातून एकदाच बसायचं. दूध आणि फळं. तुला काही करायला नको.”

शेठला वाटलं, आता ती खूश होईल. त्यांना दुसरं येत तरी काय होतं? त्यांना उपाशी राहता येत होतं, आणि त्यात ते भलते वाकबगार होते. जे येत होतं ते त्यांनी बायकोला मनापासून देऊ केलं. ते तिलाही समजलं, म्हणून तर तिला जास्तच राग आला.

“वा! म्हणजे पुण्य तुमच्या पदरात, आणि उपाशी नवऱ्याला शेजारी बसवून मी समुद्र बघू? घास उतरेल का माझ्या घशाखाली? साऱ्या पेठेत होईल, शेठनी बायकोसाठी स्पेनमध्ये तप केलं! तुमचं तप नको मला.”

“मग काय करू मी?” शेठ खरंच रडकुंडीला आले. “तूच सांग. तू म्हणशील ते करतो.”

कुसुमलतेनं पिठाची परात आणि पोळपाट त्यांच्याकडं सरकवले. “लाटा.”

शेठनी दाराकडं पाहिलं. रस्त्यावरून कोणी बघत नव्हतं. त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. आयुष्यभर पीठ विकलेला माणूस, पण त्याचं पुढं काय होतं ते कधी हातांनी पाहिलेलं नव्हतं. पाणी जास्त पडलं, मग पीठ जास्त पडलं, मग पुन्हा पाणी. ती मध्ये हात घालायला दोनदा पुढं झाली आणि दोन्ही वेळा मागं सरली. गोळा पोळपाटाला चिकटला. शेठ त्याच्याशी मारवाडीत भांडले. शेवटी काहीतरी तव्यावर पडलं. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला भोक. ते आचेवर धरल्यावर मात्र चमत्कार झाल्यासारखं अर्धं फुगलं. “फुगला! फुगला!” शेठ लहान पोरासारखे ओरडले.

तोवर ती ताट घेऊन खुर्चीवर बसली होती. त्यांनी चिमट्यानं तो फुलका तिच्या ताटात टाकला. वर तूप लावायचं विसरले, मग आठवलं, मग जरा जास्तच लावलं.

तिनं तुकडा मोडला. वाफ बोटांना लागली. सगळ्यांना गरम वाढून झाल्यावर शेवटी उरलेला फुलका खायचा, हीच तिची रीत. तव्यावरून थेट ताटात पडलेला फुलका तिनं शेवटचा खाल्ला तो बोदवडला, आई होती तेव्हा. त्यानंतर आजच. तिनं घास तोंडात घातला, आणि पुढचा मोडताच येईना. डोळे भरून आले.

शेठ वाकून बघत होते. ती खाईना. त्यांचा चेहरा पडला. “कच्चा राहिला का? दे, परत भाजतो,” असं म्हणत त्यांनी ताटाला हात घातला.

कुसुमलतेनं पटकन फुलक्यावर आपला हात ठेवला.

“राहू द्या,” ती म्हणाली. “मननला फोन लावा, तिकिटं काढ म्हणावं. पण आधी मला दुसरा टाका.”