मी काढून टाकलेला रकाना

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही — आणि बहिणीला तर मी दहावीला केलेली कॉपीसुद्धा सांगून टाकली होती. तुम्हाला का सांगतेय ते विचारू नका. मला नीट उत्तर देता येणार नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. सांगलीच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवायचे. इंटरनेट नवं होतं. मोडेम किरकिरायला लागला की अख्खा क्लास गप्प बसून ऐकायचा. आमच्या सरांनी ठरवलं की दुकानांच्या वेबसाइट करून द्यायच्या, आणि पहिलं गिऱ्हाईक मी आणलं — मिरजेचे रशीदचाचा. तंबोरे करणारे, माझ्या वडिलांचे जुने स्नेही. वेबसाइट म्हणजे काय ते त्यांना कळलं नाही. "तू करतीस न्हवं? मग कर," एवढ्यावर त्यांनी होकार दिला.

दुकानात आलेल्या माणसाला चाचा जे जे विचारायचे, ते सगळं मी ऑर्डरच्या फॉर्ममध्ये घातलं. नाव, पत्ता, नक्षी, गाणारी बाई की पुरुष, आणि पट्टी — काळी एक, काळी चार, जी असेल ती. बाईचा तंबोरा लहान, पुरुषाचा मोठा. आवाज ज्या पट्टीत लागतो त्या मापानं वाद्य घडवतात. नंतर तारा पिळून ते भागत नाही. हे मला चांगलं माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोयच नाही.

फॉर्म काही चालेना. पानाच्या तळाशी किती जणांनी पान उघडलं त्याचा आकडा दिसायचा. बघणारे भरपूर, आणि फॉर्म भरून पाठवणारा एखादाच. मग मला नादच लागला. एक आठवडा बटण वर, एक आठवडा खाली. कधी फॉर्म दोन पानांत तोडायचा, कधी एकाच पानात कोंबायचा. रंग बदलायचा, शब्द बदलायचा, आणि सोमवारी आकडे ताडून बघायचे. गंमत वाटायची — का नाही वाटणार? इथे बसून एक शब्द हलवला की तिकडे परदेशात कुणीतरी बटण दाबत होतं.

लोक अडत होते ते पट्टीपाशी. कुणी मुलासाठी मागवत असायचं, कुणी भेट म्हणून. दोघा-तिघांनी तर लिहूनच कळवलं, गुरुजींना विचारून सांगतो — आणि गेले ते गेलेच. म्हणून एका सोमवारी मी तो रकाना काढून टाकला. बाई की पुरुष, तोही काढला.

ऑर्डरी येऊ लागल्या. सरांनी मला वर्गासमोर उभं करून कौतुक केलं, आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढले. चाचांनी मात्र लगेच विचारलं, मग पट्टीचं काय? मी म्हटलं, ऑर्डर आली की मी मेल करून विचारीन आणि उत्तराची वेगळी चिठ्ठी आणून देईन. सुरुवातीला तसं केलंही. पण तो मेल गेला की माणसं पुन्हा विचारात पडायची. एक-दोन ऑर्डरी रद्द झाल्या. तेव्हा — हे जरा सावकाश लिहिते — तेव्हा मी विचारणंच सोडलं. नाव पुरुषाचं असलं की पुरुषी तंबोरा. अंदाजपंचे दाहोदरसे. बहुतेकदा जुळायचंही.

चाचांच्या कारखान्यात ऑर्डरीचे कागद सलीमभाईंकडे जायचे. चाचांचे पुतणे, तिशीतले, कामाला चोख. तारा चढवणं, घोडी घासून तारेला गुंजन आणायचं, म्हणजे जवारी काढणं, त्यांच्याकडे. ते कागद खिळ्याला टोचून ठेवायचे. पट्टीची चिठ्ठी नसली की नेहमीचा पुरुषी तंबोरा करायचा, अशी तिथली रीत होती.

लंडनहून तंबोऱ्यांच्या एका जोडीची ऑर्डर आली. नवऱ्याच्या नावानं. गाणारी बायको होती.

जोडी पोचल्यावर त्या बाईंचा मेल आला. त्यात राग नव्हता, तेच वाईट. त्यांचा पहिला मोठा कार्यक्रम होता, त्यासाठी त्या कित्येक महिने वाट बघत होत्या, आणि हातात आले ते त्यांच्या आवाजाला न लागणारे तंबोरे. मिरजेकडून ही अपेक्षा नव्हती, असं शेवटी लिहिलं होतं. चाचांनी मला तो मेल मराठीत करून मोठ्यानं वाचायला लावला. मी वाचला. सलीमभाई समोरच होते.

"बेटा, पट्टीची चिठ्ठी आली हुती का न्हाई? येवढंच सांग," चाचा म्हणाले.

नाही, मी विचारलंच नव्हतं — हे म्हणायला किती वेळ लागला असता? चाचा दोन शब्द बोलले असते. सरांपर्यंत गेलं असतं, माझं कौतुक उतरलं असतं. एवढंच. मी म्हटलं, "आली होती चाचा. मी सलीमभाईंच्या हातात दिली."

सलीमभाईंनी माझ्याकडे पाहिलं. संशयानं नाही — आठवायचा प्रयत्न करत. मग ते शोधायला लागले. खिळ्यावरचे कागद काढले, भुसा उपसला, भोपळे एकेक उचलून खाली बघितलं. आणि मी? मीही वाकून शोधू लागले. नसलेली चिठ्ठी मी त्यांच्याबरोबर शोधली. या सगळ्यात मला सगळ्यात जास्त लाज त्या वाकण्याची वाटते.

चाचांनी पदरमोड करून नवी जोडी पाठवली. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. दुकानाचं नाव गेलं, ते लागलं. त्यांनी सलीमभाईंना ऑर्डरीच्या कामाला हात लावू नको म्हणून सांगितलं. ओरडले नाहीत, पण पुतण्याशी बोलणं तुटलं. वर्षाच्या आत सलीमभाई बायको-मुलांना घेऊन कुंडलला सासुरवाडीला गेले. तिथे दारं-खिडक्या करू लागले. फॉर्ममध्ये पट्टीचा रकाना मी परत घातला, गुपचूप. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

चाचा गेले. मयतीला सलीमभाई आले होते, मागच्या मागे निघून गेले. मी बघितलं आणि बायकांत जाऊन बसले.

बऱ्याच वर्षांनी मिरजेच्या एका दवाखान्यात आमची गाठ पडली. मी आईला दाखवायला नेलं होतं, त्यांच्या बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. दाढी पिकली होती. त्यांनीच मला ओळखलं, बाकावर सरकून जागा करून दिली. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाले,

"ताई, ती चिठ्ठी मी कुठं ठिवली आसंल हो? लय इचार केला, अजून ध्यानात येत न्हाई. माझ्यापायी तुमास्नी बी बोलणी बसली आसतील. माफ करा."

बाकावर आम्ही दोघंच होतो. घाई नव्हती. कुणी ऐकणारंही नव्हतं.

मी म्हटलं, "जाऊ द्या सलीमभाई. होतं असं माणसाकडून."

त्यांचा चेहरा एकदम हलका झाला. नको म्हणत असताना ते खाली गेले, माझ्यासाठी चहा घेऊन आले. मी तो प्याले.